तत्त्वाचं बिल कोणी भरलं?

एखाद्या नेत्याबद्दल चांगलं बोलायला काही सापडलं नाही की आपण म्हणतो, "बाकी काही असो, माणूस तत्त्वाचा होता." श्रद्धांजलीच्या सभेत हे वाक्य चालतं, चहाच्या टपरीवर चालतं, टीव्हीवरच्या चर्चेत तर हमखास चालतं. आणि एकदा ते म्हटलं की पुढचं सगळं संपतं. तत्त्वाचा होता ना, मग झालं तर!

मला हे वाक्य अर्धवट वाटतं. तत्त्व कुठलं होतं, हे आपण विचारत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या तत्त्वाचं बिल कोणी भरलं, हे तर कधीच विचारत नाही.

हा प्रश्न नीट तपासायला मला अमेरिकेतला एक माणूस फार उपयोगी वाटतो. बॅरी गोल्डवॉटर. अ‍ॅरिझोनाचे सिनेटर, १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार, आणि आजच्या अमेरिकन उजव्या राजकारणाचे एक मूळपुरुष. आपल्याकडे रेगन, निक्सन, ट्रम्प ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, गोल्डवॉटर फारसे कुणाला ठाऊक नसतात. पण रेगन समजायचे असतील तर आधी यांच्याकडे यावं लागतं. आणि निक्सन गेले कसे, हे समजायचं असेल तरीही.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात सांगतो.

जन्म १९०९ चा, फिनिक्स शहरातला. अ‍ॅरिझोना तेव्हा राज्यसुद्धा नव्हतं, ते झालं १९१२ मध्ये. आजोबा पोलंडकडचे ज्यू. मूळ आडनाव गोल्डवासर. लंडनमार्गे कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या दिवसांत अमेरिकेत आले आणि पुढे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात दुकानदारी सुरू केली. त्यातून 'गोल्डवॉटर्स' हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं. बॅरी आईच्या एपिस्कोपल ख्रिस्ती पंथात वाढले. १९२९ मध्ये वडील गेले, तेव्हा पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून दुकानात आले. विक्रीचं डोकं होतं. लाल मुंग्यांची छपाई असलेल्या पुरुषांच्या चड्ड्या या गृहस्थांनी विकून दाखवल्या आणि त्या खपल्याही!

विमान चालवायचं वेड, फोटोग्राफीचं वेड, हॅम रेडिओचं वेड. १९४० मध्ये कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन पार करणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. होपी आणि नवाहो या मूळनिवासी लोकांचे त्यांनी काढलेले फोटो आजही नावाजले जातात. दुसऱ्या महायुद्धात विमानं आणि सामान दूरच्या आघाड्यांवर पोचवणाऱ्या तुकडीत होते. त्या फेऱ्यांमध्ये कराचीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानापर्यंत येऊन गेले. पुढे हवाई दलाच्या राखीव दलात मेजर जनरल झाले.

१९४९ मध्ये फिनिक्सच्या नगर परिषदेवर निवडून आले. १९५२ मध्ये थेट सिनेट. तेही कुणाला हरवून? अर्नेस्ट मॅक्फारलंड यांना, जे त्या वेळी सिनेटमधले बहुमताचे नेते होते. फरक जेमतेम सात हजार मतांचा.

आता त्यांचं तत्त्व. ते अगदी सरळ होतं. सरकार जितकं लहान तितका माणूस मोठा. संघराज्य सरकारने घटनेत जे लिहिलंय तेवढंच करावं, बाकी राज्यांवर आणि माणसांवर सोडावं. कर कमी, कल्याणकारी योजना कमी, कम्युनिझमशी तडजोड शून्य. स्वतःच्या पक्षाचे आयझेनहॉवर अध्यक्ष असताना त्यांच्या धोरणालाही हे भर सिनेटमध्ये नावं ठेवायचे. म्हणायचे, हा तर रूझवेल्टच्याच योजनांचा स्वस्त दुकानातला माल आहे. १९६० मध्ये त्यांच्या नावाने 'द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह' हे छोटं पुस्तक आलं. लिहिलं होतं एल. ब्रेंट बोझेल यांनी, पण विचार यांचे. ते पुस्तक कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतलं.

इथे एक गंमत नोंदवायलाच हवी. ज्या फिनिक्समध्ये गोल्डवॉटरांचं दुकान चाललं, ते फिनिक्स कोणाच्या पाण्यावर वाढलं? १९११ मध्ये पूर्ण झालेल्या रूझवेल्ट धरणाच्या. ते धरण केंद्राच्या पैशातून झालं. पुढे कोलोरॅडोचं पाणी कालव्याने फिनिक्स आणि टुसॉनपर्यंत आणणारी 'सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्ट' ही अवाढव्य योजना १९६८ मध्ये मंजूर झाली. तीही केंद्राचीच. आणि गोल्डवॉटर तिचे समर्थक होते. म्हणजे सरकार नको, पण सरकारचं पाणी हवं. आपल्याला हा प्रकार नवा नाही. धरणाच्या पाण्यावर मोठा झालेला आणि 'मी स्वतःच्या मनगटाच्या जोरावर आलो' म्हणणारा माणूस आपल्याला तालुक्यागणिक भेटतो.

असो. हा विनोदाचा भाग झाला. खरा मुद्दा पुढे आहे.

१९६४ साल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसून जेवता येत नव्हतं, प्रवासात मुक्कामाला खोली मिळत नव्हती, नोकरीच्या दारात रंग बघितला जात होता. मतदार यादीत नाव घालायला गेलं तर परीक्षा घेऊन परत पाठवत, आणि फारच हट्ट केला तर मारत. ज्यांच्या घरात पाणवठ्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत, चवदार तळं म्हणजे काय हे ज्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही, त्यांना ही परिस्थिती अधिक समजावून सांगायची गरज नाही.

हे मोडायला नागरी हक्क कायदा आला. दक्षिणेच्या सिनेटरांनी तो आठवडेच्या आठवडे भाषणं करून रोखून धरला. शेवटी १९ जून १९६४ रोजी सिनेटमध्ये तो ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. रिपब्लिकन पक्षाच्या ३३ पैकी २७ सिनेटरांनी बाजूने मत दिलं. विरोधात फक्त सहा. त्या सहांत एक बॅरी गोल्डवॉटर.

आता इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. गोल्डवॉटर हे वैयक्तिक आयुष्यात वंशद्वेष्टे नव्हते. युद्धानंतर अ‍ॅरिझोनाचं एअर नॅशनल गार्ड उभं करताना त्यांनी त्यात गोरे-काळे असा भेद ठेवू दिला नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या फिनिक्स शाखेचे ते सदस्य होते. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांनी मत दिलं होतं.

मग १९६४ ला विरोध का? तत्त्व! त्यांचं म्हणणं असं, की सरकारने स्वतः भेदभाव करू नये हे मान्य. पण खासगी हॉटेलवाल्याने कुणाला जेवायला वाढायचं, खासगी मालकाने कुणाला नोकरी द्यायची, हे केंद्र सरकारने सांगणं घटनेत बसत नाही. त्यांनी कायदेपंडितांचा सल्लाही घेतला होता. त्यातले एक विल्यम रेनक्विस्ट, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

कागदावर हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, त्याच्यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. पण राजकारण वर्गात होत नाही. गोल्डवॉटर 'हॉटेलवाल्याचं स्वातंत्र्य' म्हणत होते तेव्हा, त्याच वाक्याच्या दुसऱ्या टोकाला लेकराबाळांना गाडीत घेऊन रात्रभर खोली शोधणारा एक बाप उभा होता. स्वातंत्र्य त्यालाही हवं होतं. दोघांच्या स्वातंत्र्यात निवड करायची वेळ आली, आणि गोल्डवॉटरांनी ज्याच्या हातात किल्ली होती त्याची बाजू घेतली. स्वतः दुकानदार होते, काउंटरच्या आतल्या बाजूने जग बघायची सवय होती, असं मला वाटतं.

सिनेटमधल्या त्या मतदानाला दोन दिवस होतात न होतात तोच, २१ जूनला मिसिसिपीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर हे तीन तरुण कार्यकर्ते बेपत्ता झाले. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी काम करत होते. ऑगस्टमध्ये मातीच्या बांधाखाली त्यांचे मृतदेह सापडले. गोल्डवॉटरांच्या मताचा या खुनांशी संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. एवढंच सांगतोय, की ज्या हवेत हा माणूस 'घटनेचा अर्थ' सांगत होता ती हवा अशी होती.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेव्हाच नेमकं बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गोल्डवॉटर स्वतः वंशद्वेष्टे नसतील, पण ते जे तत्त्वज्ञान मांडतात त्याने वंशद्वेष्ट्यांना आधार आणि दिलासा मिळतो. या एका निरीक्षणात सगळं आलं. ज्याला उघडपणे 'काळे नकोत' म्हणायची लाज वाटत होती, त्याला आता 'राज्यांचे हक्क' असं सभ्य कापड पांघरायला मिळालं.

पुढे जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये पक्षाचं अधिवेशन भरलं. मवाळ गटाचे नेल्सन रॉकफेलर टोकाच्या संघटनांविरुद्ध बोलायला उभे राहिले तर सभागृहाने हुर्यो उडवून त्यांना बोलू दिलं नाही. बेसबॉलमधला वर्णभेद मोडणारे जॅकी रॉबिन्सन, स्वतः रॉकफेलरांचे समर्थक, त्या सभागृहात होते. तिथल्या अनुभवाबद्दल ते पुढे फार कडवटपणे बोलले. आणि उमेदवारी स्वीकारताना गोल्डवॉटरांनी ते प्रसिद्ध विधान केलं, की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणं हा दुर्गुण नाही, आणि न्यायासाठी झटताना मवाळपणा हा सद्गुण नाही.

ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटतं. पण अशी वाक्यं सभागृहात टाळ्या घेतात आणि बाहेर लोकांना घाबरवतात. अण्वस्त्रांच्या वापराबद्दल हे गृहस्थ आधीच सैलपणे बोललेले. जॉन्सनच्या प्रचारकांनी नेमकं तेच उचललं. फुलाच्या पाकळ्या मोजणारी एक चिमुरडी आणि मग अणुस्फोट, अशी ती जाहिरात ७ सप्टेंबर १९६४ ला पैसे देऊन एकदाच दाखवली गेली. एकदाच पुरली. 'मनातून तुम्हालाही ठाऊक आहे की हाच बरोबर' अशी त्यांची घोषणा होती. विरोधकांनी लगेच यमक जुळवून 'पोटातून ठाऊक आहे की हा वेडा' अशी उलटी घोषणा काढली.

या वेडेपणावरून तर एक अख्खं प्रकरण झालं. 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने बारा हजारांवर मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, हा माणूस अध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या लायक आहे का? अकराशेहून जास्त डॉक्टरांनी, ज्यांनी त्यांना कधी तपासलं नव्हतं, 'नाही' असं कळवलं. मासिकाने ते छापलं. गोल्डवॉटरांनी खटला भरला आणि जिंकला. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, की न तपासता सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीर करायचं नाही. त्याला आजही 'गोल्डवॉटर नियम' म्हणतात. आपल्याकडे विरोधी नेत्याला रोज उठून 'मनोरुग्ण' ठरवणाऱ्यांनी हा नियम भिंतीवर लावावा.

निकाल काय लागला? धुव्वा. जॉन्सन यांना ४८६ इलेक्टोरल मतं, गोल्डवॉटरांना ५२. सहा राज्यं मिळाली. त्यातलं एक घरचं अ‍ॅरिझोना, तेही काठावर. उरलेली पाच कुठली? लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट्सना मत देणारी खोल दक्षिण! मिसिसिपीत तर त्यांना ८७ टक्के मतं पडली. कारण तिथे कृष्णवर्णीयांना मतदार यादीत येऊच दिलं जात नव्हतं.

ही मतं छोट्या सरकारच्या सिद्धांतासाठी पडली असं कुणाला वाटत असेल तर वाटो. माझा विश्वास बसत नाही. टेनेसी खोऱ्यातली सरकारी वीजयोजना विकून टाका असं गोल्डवॉटर म्हणाले होते, आणि टेनेसी हे दक्षिणेतलंच राज्य त्यांना मिळालं नाही. सरकारी वीज जाईल म्हटल्यावर छोटं सरकार लोकांना गोड लागत नाही. त्या पाच राज्यांना त्यांचं पुस्तक नको होतं, त्यांचं १९ जूनचं मत हवं होतं.

इथे कुणीतरी म्हणेल, "अहो, पण किंमत त्यांनीही मोजली की! निवडणूक हरले." बरोबर. हरले. चार वर्षं सिनेटबाहेर राहिले. १९६८ मध्ये अ‍ॅरिझोनाने पुन्हा निवडून दिलं आणि गडी परत आला. ती किंमत होती हे मान्य. पण फेडता येण्यासारखी होती. जी फिटली नाही ती दुसऱ्यांनी मोजली. लिंकनचा पक्ष म्हणून ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी रिपब्लिकनांना तीन-तीन पिढ्या धरून ठेवलं होतं, त्यांना दार दाखवलं गेलं. १९६० मध्ये निक्सनला कृष्णवर्णीयांची साधारण एक तृतीयांश मतं मिळाली होती. १९६४ नंतर तो पक्ष त्या आकड्याच्या जवळपासही परत पोचला नाही. आणि पक्षाला दक्षिणेचा जो रस्ता सापडला, त्यावरून पुढे निक्सन चालले, रेगन चालले, आणि आजही वाहतूक सुरूच आहे.

म्हणून मी म्हणतो, १९६४ चे गोल्डवॉटर तत्त्वनिष्ठ होते, पण बिल दुसऱ्याच्या नावावर होतं.

मग या माणसावर एवढं मोठं लिहायचं कारण काय? कारण आयुष्य तिथे संपलं नाही.

दहा वर्षं पुढे या. ऑगस्ट १९७४. वॉटरगेट. निक्सन हे गोल्डवॉटरांचे जुने सहकारी. १९६४ मध्ये बाकीचे बडे नेते अंग चोरत असताना निक्सन त्यांच्यासाठी गावोगाव फिरले होते. १९६८ मध्ये यांनी त्याची परतफेड केली. वॉटरगेट सुरू झाल्यावरही बराच काळ त्यांनी निक्सनला सांभाळून घेतलं. पण ५ ऑगस्टला ती ध्वनिफीत उघड झाली, ज्यात निक्सन सीआयएला पुढे करून एफबीआयचा तपास रोखायचं बोलत होते. म्हणजे दोन वर्षं ते आपल्याच लोकांशी खोटं बोलत होते.

७ ऑगस्टला संध्याकाळी तीन माणसं व्हाइट हाऊसमध्ये गेली. सिनेटमधले रिपब्लिकन नेते ह्यू स्कॉट, प्रतिनिधी सभेतले नेते जॉन ऱ्होड्स, आणि गोल्डवॉटर. तिघेही स्वतःच्याच पक्षाचे. महाभियोगातून वाचायला सिनेटमध्ये ३४ मतं लागत होती. गोल्डवॉटरांनी सांगितलं, खात्रीची मतं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. 'राजीनामा द्या' असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरज उरली नव्हती. दुसऱ्या रात्री निक्सननी राजीनामा जाहीर केला आणि ९ ऑगस्टला ते गेले.

मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. विरोधकांनी खुर्ची हलवली तर ती लढाई असते. स्वतःच्या माणसाने येऊन 'आता पुरे' म्हणणं, हे वेगळं धाडस. आणि ते सांगायला गोल्डवॉटरच का लागले? कारण ते पक्षातले सगळ्यात कडवे. मवाळ माणूस गेला असता तर म्हणाले असते, हा तर आधीपासूनच फितूर. कडव्याने सांगितलं म्हणून ते शेवटचं ठरलं. या वेळी बिल स्वतःच्या नावावर होतं. निक्सनचे भक्त देशभर होते, त्यातले बरेच गोल्डवॉटरांचेही भक्त होते.

आणि मग जणू सवयच लागली.

१९८१ मध्ये रेगननी अ‍ॅरिझोनाच्याच सँड्रा डे ओ'कॉनर यांना सर्वोच्च न्यायालयासाठी नेमलं. पहिली महिला न्यायमूर्ती. गर्भपाताच्या मुद्द्यावरून धर्मगुरू जेरी फॉलवेल यांनी सुचवलं, की चांगल्या ख्रिस्ती माणसांनी काळजी करावी. गोल्डवॉटरांचं उत्तर असं, की प्रत्येक चांगल्या ख्रिस्ती माणसाने फॉलवेलच्या पार्श्वभागावर लाथ घालावी. (मूळ शब्द याहून मोकळा होता.) त्याच वर्षी सिनेटमध्ये उभं राहून त्यांनी सांगितलं, की धार्मिक गट आमदार-खासदारांना धमकावून मतं मागायला लागले तर मी प्रत्येक पावलावर त्यांच्याशी लढेन. हे कुणाला? जे गट रेगनना निवडून आणण्यात पुढे होते, त्यांना!

१९८४ मध्ये सीआयएने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले. गोल्डवॉटर तेव्हा सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांना नीट कळवलंच नव्हतं. सरकार स्वपक्षाचं, शत्रू कम्युनिस्ट. गप्प बसायला दोन्ही कारणं पुरेशी होती. यांनी सीआयएचे प्रमुख विल्यम केसी यांना शिवीच्या भाषेत जाहीर झापलं.

१९८६ मध्ये शेवटचं मोठं काम. सैन्याच्या वेगवेगळ्या दलांतली भांडणं संपवून एकत्रित कमांडला बळ देणारा गोल्डवॉटर-निकोल्स कायदा. स्वतः आयुष्यभर लष्करवादी, तरीही जनरल-अ‍ॅडमिरलांचा विरोध अंगावर घेऊन डेमोक्रॅट सॅम नन यांच्याबरोबर तो पार पाडला. आज आपल्याकडे सीडीएस आणि थिएटर कमांडवर जी चर्चा चालते, त्यात या कायद्याचं नाव वारंवार येतं ते त्यामुळे.

१९८७ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले जॉन मकेन. निवृत्तीनंतर माणसं सहसा मवाळ होतात किंवा गप्प होतात. हे जास्तच मोकळे झाले. १९९२ मध्ये अ‍ॅरिझोनात धार्मिक उजव्या गटाच्या रिपब्लिकन उमेदवाराऐवजी डेमोक्रॅट कॅरन इंग्लिश यांना पाठिंबा दिला. १९९३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून म्हणाले, समलिंगी लोकांना सैन्यात घ्या, गोळी नीट चालवता येते की नाही तेवढं बघा. पक्षातले लोक म्हणायला लागले, म्हातारा बदलला. म्हातारा म्हणायचा, मी तिथेच आहे, तुम्ही सरकलात. सरकारने माणसाच्या पाकिटात हात घालू नये म्हणणाऱ्याने, सरकारने माणसाच्या शयनगृहातही डोकावू नये म्हटलं, एवढंच.

१९९८ च्या मे महिन्यात वयाच्या ८९ व्या वर्षी गेले.

आता दोन्ही गोल्डवॉटर शेजारी ठेवून बघा. विचार तोच, हट्ट तोच, जीभ तीच. मग १९६४ चे मला खुपतात आणि १९७४ नंतरचे आवडतात, हे का? मी उजवा नाही म्हणून? नाही. सरकार लहान असावं हे त्यांचं मत मला नंतरही पटत नाही. फरक एकच आहे. १९६४ मध्ये त्यांचं तत्त्व अशा लोकांच्या डोक्यावर पडलं ज्यांना त्यांच्या सभागृहात आवाज नव्हता. नंतर ते अशा लोकांच्या डोक्यावर पडलं जे त्यांचेच होते, ताकदवान होते आणि उलट हिशेब चुकता करू शकत होते.

माझ्या मते तत्त्वनिष्ठेची कसोटी ही एवढीच आहे. माणूस किती ठाम बोलतो याला फारशी किंमत नाही, ठाम तर मूर्खही बोलतो. तो ठामपणा कोणाच्या दिशेने आहे ते बघावं. खाली आहे की वर? परक्यांकडे आहे की स्वतःच्या व्यासपीठाकडे?

आणि ही जुनी गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर, ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात त्यांना दोषी ठरवणारे सात रिपब्लिकन सिनेटर निघाले. निकाल ५७ विरुद्ध ४३, म्हणजे दोन तृतीयांशला दहा कमी. प्रतिनिधी सभेत दहा रिपब्लिकनांनी महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं. त्या दहांतले दोनच २०२२ च्या निवडणुकीनंतर सभागृहात उरले. लिझ चेनी यांच्यासारख्या कट्टर उजव्या घराण्यातल्या बाईंना त्यांच्याच वायोमिंगमधल्या पक्षाच्या मतदारांनी घरी बसवलं. १९७४ मध्ये तीन माणसं गेली आणि अध्यक्ष ऐकून गेला. २०२१ मध्ये दहा बोलले आणि बहुतेक बोलणारेच गेले. पक्ष तोच. बदलली ती पक्षाच्या मतदाराची सहनशक्ती.

म्हणून सगळा दोष नेत्यांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. स्वतःच्या बाजूला खरं सांगणारा नेता हवा असेल, तर तो सांगेल तेव्हा त्याला 'गद्दार' न म्हणणारा मतदारही हवा. आपण काय करतो? समोरच्या पक्षातला माणूस त्याच्या नेत्याविरुद्ध बोलला की आपण त्याला 'स्वाभिमानी' म्हणतो. आपल्यातला बोलला की विचारतो, "किती खोके घेतले?"

तर यापुढे कुणाच्या श्रद्धांजलीत "माणूस तत्त्वाचा होता" हे वाक्य आलं, की दोन प्रश्न मनात तरी विचारा. त्या तत्त्वासाठी तो स्वतःच्या लोकांसमोर कधी उभा राहिला का? आणि त्याचं बिल कोणी भरलं?

पहिल्याचं उत्तर 'कधीच नाही' आणि दुसऱ्याचं 'दुसऱ्यांनी' असं आलं, तर त्याला तत्त्व म्हणू नका. त्याला सोय म्हणतात.

(मतभेद असतील तर जरूर लिहा. गोल्डवॉटरांच्या घटनात्मक मुद्द्याच्या बाजूने कुणी नीट मांडणी केली तर मला वाचायला आवडेल. फक्त आपल्या गल्लीतल्या नेत्यांची नावं घालून धुरळा करू नका. ज्याला टोपी बसेल तो ती घालेलच.)